कानातली गोष्ट चव्हाट्यावर

"मशीनची चूक आहे मॅडम, माणसाची नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता कुणी ते उच्चारलं की माझं डोकं तापतं. तीसेक वर्षं मी सोलापुरात प्रोग्रॅम लिहिते आहे. मशीनला स्वतःचं काही सुचत नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. त्याला जे सांगाल तेवढंच ते करतं, आणि सांगणारा माणूस असतो. आज जी गोष्ट सांगणार आहे तिच्यात असे सांगणारे दोघं होते. एक लॅबचे मालक आणि दुसरी मी.

आमचं ऑफिस भवानी पेठेत, चादरींच्या एका होलसेल दुकानाच्या माडीवर. भागीदार श्रीनिवास. त्याचे वडील यंत्रमागावर होते. घरी तेलुगू, ऑफिसात मराठी आणि प्रोग्रॅम अडकला की 'अय्यो देवुडा'. पूर्वी आम्ही पगारपत्रकं, मालाच्या नोंदी असली कामं करायचो. मग गिऱ्हाइकं म्हणायला लागली, "आमच्या पेजवर लोक येऊन काय काय विचारतात, उत्तर द्यायला माणूस नाही. तुम्ही काहीतरी करा की." तेव्हापासून आम्ही सोशल मीडियावर आपोआप उत्तरं देणारे प्रोग्रॅम लिहायला लागलो.

हे काम बाहेरच्या माणसाला समजावून सांगायचं तर असं. एखाद्या दुकानाचं पेज म्हणजे रस्त्यावरचा फळा समजा. दुकानदार फळ्यावर काही लिहितो, त्याच्याखाली येणारेजाणारे लिहितात. ते सगळ्यांना दिसतं. पण त्याच दुकानाच्या दाराला चिठ्ठी टाकायची एक फटही असते. तिच्यातून आत टाकलेलं फक्त दुकानदार वाचतो. कुणी फळ्यावर लिहिलं किंवा फटीतून चिठ्ठी टाकली की आमच्या प्रोग्रॅमला लगेच कळतं. काय लिहिलंय ते तो वाचतो, उत्तर शोधतो आणि देतो. ते उत्तर फळ्यावर द्यायचं की चिठ्ठीत, हे आम्ही ठरवायचं. प्रोग्रॅममध्ये हा फरक एका ओळीचा असतो. एका ओळीचा, म्हणूनच तो फारसा कुणी मनावर घेत नाही.

आम्हीही सुरुवातीला घेतला नव्हता. आमच्या एका साडीच्या दुकानाला अकलूजच्या एका गृहस्थांनी खासगी मेसेज केला होता. बायकोच्या पन्नासाव्या वाढदिवसाला इरकल हवी, तिला कळता कामा नये. साडी दुकानातून निघताच आमच्या प्रोग्रॅमनं त्यांचं नाव घेऊन फळ्यावर जाहीर केलं, "आपली जांभळी इरकल आज निघाली आहे." दुसऱ्या दिवशी दुकानात बाईंचाच फोन. "जांभळी माझ्याकडं दोन आहेत. हिरवी पाठवा." साडी अजून अकलूजला पोचायची होती! आम्ही खूप हसलो. श्रीनिवासनं त्याच दिवशी नियम घातला, खासगीत आलेल्या प्रश्नाचं उत्तर खासगीतच जाणार. आम्हाला वाटलं, झालं, प्रश्न मिटला.

तो मिटला नव्हता. फक्त पुढच्या वेळी हसण्यासारखं काही उरलं नाही.

शहरातल्या एका तपासणी लॅबचं काम आमच्याकडं आलं. लॅब मोठी, आसपासच्या तालुक्यांत नमुने गोळा करायची केंद्रं. मालक डॉक्टर नव्हते, पण सगळे त्यांना डॉक्टरच म्हणायचे आणि ते कुणाला दुरुस्त करत नसत. पहिल्याच बैठकीत त्यांनी मला पेज दाखवलं.

"मॅडम, हे पेज मेल्यासारखं दिसतंय. जिवंत दिसायला पाहिजे. लोक विचारतात, लगेच उत्तर मिळतं, हे चार माणसांना दिसलं पाहिजे की."

मी म्हटलं, "लॅबचं काम आहे. लोकांना मेसेज करायला सांगू आणि आत उत्तर देऊ."

"तेच नको. 'मेसेज करा, मेसेज करा' काय लावलंय? कुणी रिपोर्टचं विचारलं की तिथंच सांगा, तुमचा शुगरचा रिपोर्ट तयार आहे, तुमचा थायरॉइडचा तयार आहे. म्हणजे बाकीच्यांनाही कळतं, आपल्याकडं काय काय होतं ते. फुकटची जाहिरात आहे मॅडम ही."

"आणि कुणी तक्रार केली तर?"

"ती मात्र आत घ्या." हे म्हणताना ते हसले, म्हणून माझ्या अजून लक्षात आहे.

तक्रार आत घेणं म्हणजे काय, तेही सांगते. फळ्यावरचं एखादं लिखाण पुसून न टाकता लपवता येतं. अशी सोयच असते. लपवलं की लिहिणाऱ्याला ते तसंच दिसत राहतं, बाकी जगाला दिसत नाही. बिचाऱ्याला वाटतं, आपण चारचौघांत बोललो, आपलं कुणी तरी वाचलं. प्रत्यक्षात तो बंद खोलीत भिंतीशी बोलत असतो. शिव्यागाळ आणि घाण आवरायला केलेली ही सोय, आणि भलीभली प्रतिष्ठित माणसं ती स्वतःची अब्रू झाकायला वापरतात. कौतुक बाहेर, तक्रार आत. पेशंटचा आजार बाहेर, मालकाची चूक आत. मी हे जितकी वर्षं पाहतेय, तितका माझा संताप वाढतोच आहे.

पण त्या दिवशी माझा संताप कुठं होता? मी एकदा म्हटलं, "डॉक्टर, हे बरोबर वाटत नाही." ते म्हणाले, "अहो, शुगर काय लपवायची गोष्ट आहे का?" आणि मी गप्प बसले. ऑफिसात येऊन तो प्रोग्रॅम मी लिहिला. श्रीनिवासनं नाही, मी. लपवायच्या शब्दांची यादीही मीच केली. तक्रार, चूक, फसवलं, नुकसान, माफी. कुणी 'माफी मागा' असं लिहिलं की ते लपलं पाहिजे, म्हणून 'माफी'सुद्धा. त्याला आतून गोड मेसेज जायचा, "आपली प्रतिक्रिया आमच्यासाठी मोलाची आहे. कृपया आपला मोबाइल नंबर पाठवा." ते वाक्यही माझंच.

पुढच्या जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला, म्हणजे आमच्या गड्ड्याच्या यात्रेला, लॅबनं पेजवर शुभेच्छा टाकल्या. त्यानंतर आठवड्याभरानं सकाळी अकराच्या सुमारास एक बाई आमचा जिना चढून वर आल्या. पस्तिशीच्या असतील. साडीचा पदर घट्ट खोचलेला, हातात मोबाइल.

"कंप्यूटरच्या मॅडम तुमीच का?"

मी हो म्हटलं, बसा म्हटलं. त्या बसल्या नाहीत.

"मी रूपाली. मोहोळात ष्टँडाजवळ खानावळ हाय माजी. लॅबमदी गेलते. ती काउंटरवरची पोरगी म्हनली, आमी न्हाय लिहिलं, भवानी पेठेत कंप्यूटरवाले हायत, त्येंनी लिहिलंय. म्हनून आले. हे कुनी लिहिलंय?"

त्यांनी मोबाइल पुढं केला. शुभेच्छांच्या खाली त्यांनी लिहिलं होतं, "माझा रिपोर्ट कधी मिळेल?" आणि त्याखाली लॅबच्या नावानं उत्तर होतं, "रूपालीताई, आपला टीबी तपासणीचा रिपोर्ट तयार आहे. मोहोळ केंद्रातून घेऊन जावा. आपल्या आरोग्याची काळजी, हीच आमची सेवा!" शेवटी हात जोडल्याचं चित्र.

"मी काय इचारलं तितं? रिपोर्ट कधी मिळंल, एवढंच. टीबीचं नाव मी काडलंय का? दावा मला."

त्यांनी काढलं नव्हतं. मी लगेच आमच्या नोंदी उघडल्या. चार दिवस आधी त्यांनी लॅबला खासगी मेसेज केला होता. नाव, गाव, नोंदणी क्रमांक, आणि 'खोकला जात नाही म्हणून डॉक्टरांनी टीबीची तपासणी सांगितली आहे, रिपोर्ट कधी मिळेल'. त्याला उत्तर गेलं नव्हतं. कारण मालकांच्या हुकमानुसार फळ्यावरच्या प्रश्नांना आधी उत्तर द्यायचं होतं आणि आतल्या चिठ्ठ्या मागं साचत होत्या. वाट बघून कंटाळून त्यांनी तोच प्रश्न फळ्यावर विचारला, तोही सांभाळून, आजाराचं नाव न घेता. प्रोग्रॅमनं नाव जुळवलं, आतली चिठ्ठी काढली आणि ती गावासमोर वाचून दाखवली. आमचा नियम मोडला नव्हता. खासगी प्रश्नाचं उत्तर खासगीतच जाणार, असा नियम होता, आणि हा प्रश्न तर फळ्यावर आला होता. प्रश्न कुठं विचारलाय ते आम्ही बघत होतो. उत्तरात काय आहे, ते कुणाच्या कानापर्यंत जायला हवं, हे बघितलंच नव्हतं. नोंदींत शोधताना मला त्यांचा रिपोर्टही दिसला.

मी ते उत्तर ताबडतोब पुसलं. त्यांना म्हटलं, "काढून टाकलं बघा."

"पुसलं म्हंजे काय झालं? ज्येंनी वाचलं त्येंच्या डोक्यातनं पुसा की." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "कुनीतरी फोटू काडून गावच्या ग्रुपवर टाकलाय. त्येच्याखाली हसल्याली तोंडं टाकल्यात लोकांनी. बाजार समितीतले हमाल रोज माज्याकडं जेवायला येत्यात. काल चाळीस भाकऱ्या थापल्या आन् पाच मानसं आली. बाकीच्या गाईला घातल्या."

श्रीनिवास आतापर्यंत गप्प ऐकत होता. भला माणूस आहे, त्याला वाटलं मार्ग सापडला. "ताई, रिपोर्ट चांगला असेल तर तोच पेजवर टाकू की. विषयच संपेल."

रूपालीताईंनी त्याच्याकडं नुसतं बघितलं.

"आन् वाईट असंल तर?"

श्रीनिवासनं समोरचा कीबोर्ड मागं सारला.

"माजा चांगला म्हनून मी भिंतीला लावायचा. मग उंद्या एकादीचा वाईट आला तर तिनं काय करायचं, दादा? गाव सोडायचं? मला काय हाय न्हाय ते लिहू नका. तुमाला ते सांगायचा आदिकार न्हवता, एवढं लिहा. जितं माजं नाव घिटलं तितंच लिहा."

इतक्या वर्षांत मी प्रोग्रॅमिंगवर बरीच भाषणं ऐकली. पुण्याहून येणाऱ्या तज्ज्ञांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून गोपनीयता शिकवली. त्यांतल्या एकालाही हे इतकं स्वच्छ सांगता आलं नव्हतं. मी म्हटलं, "लिहिते."

पेज मालकांचं, म्हणून आधी त्यांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे, वाईट झालं. मेसेजमध्ये माफी मागून टाकू."

"माफी मेसेजमध्ये नाही चालणार, डॉक्टर. नाव सगळ्यांसमोर आलंय."

"मॅडम, सगळ्यांसमोर लिहिलं की लोकांना वाटेल लॅबमध्ये कायम असंच चालतं. आणि त्या बाईनं स्वतःच सगळ्यांसमोर विचारलं ना? मग?"

"त्यांनी आजार सांगून नव्हतं विचारलं."

"मग मशीनची चूक आहे. माणसाची नाही."

मी म्हटलं, "मशीनला मी सांगितलं होतं आणि मला तुम्ही." पलीकडून फोन ठेवला गेला.

मग मी माझ्या स्वतःच्या नावानं त्या शुभेच्छांखाली लिहिलं. "या पेजवर एका बाईंच्या तपासणीचं नाव सगळ्यांसमोर लिहिलं गेलं. तसं लिहिण्याचा लॅबला अधिकार नव्हता, आणि तसा प्रोग्रॅम लिहिण्याचा मला अधिकार नव्हता. मी त्यांची माफी मागते." रूपालीताईंनी ते दोनदा वाचलं, मान हलवली. मी बटण दाबलं. माझ्या पडद्यावर ते दिसलं. मला अगदी हलकं वाटलं.

शेजारच्या टेबलावरून श्रीनिवास म्हणाला, "कुठंय? मला दिसत नाही."

"नीट बघ."

"नाही ओ मॅडम. नाहीच आहे."

रूपालीताईंनी आपल्या मोबाइलवर बघितलं. त्यांनाही दिसत नव्हतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. लॅबकडून खासगी मेसेज आला होता. "आपली प्रतिक्रिया आमच्यासाठी मोलाची आहे. कृपया आपला मोबाइल नंबर पाठवा."

माझ्या लिखाणात 'माफी' हा शब्द होता. मीच केलेल्या यादीनं मलाच गिळलं होतं. त्या क्षणी मला जी शरम वाटली ती शब्दांत सांगता येणार नाही. किती माणसांना मी असं भिंतीशी बोलायला लावलं असेल? मी त्या लॅबच्या लपवलेल्या नोंदी उघडल्या. पाचच मिनिटं वाचलं. चुकीच्या नावाचा रिपोर्ट मिळालेली एक म्हातारी, दोनदा रक्त काढून घेतलेलं लेकरू. सगळ्यांना माझं ते गोड वाक्य गेलेलं. पुढं वाचवलं नाही.

मी तो प्रोग्रॅम तिथल्या तिथं बंद केला. लपवलेलं सगळं पुन्हा उघड केलं, माझी माफीसुद्धा. श्रीनिवास म्हणाला, "मॅडम, मालक गप्प बसणार नाही." मी म्हटलं, "नकोच बसायला." तासाभरात मालकांच्या कुणीतरी माणसानं सगळं हातानं एकेक करून परत लपवलं आणि आमची चावी काढून घेतली, म्हणजे त्या पेजवर काही करायचा आमचा अधिकार संपला. मग मालक फोनवर मला विश्वासघातकी म्हणाले. ज्यानं पेशंटचा आजार जाहिरातीला वापरला, तो मला विश्वास शिकवत होता! मीही जे बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. सांगायचं इतकंच, की आठवड्याच्या आत त्यांना दुसरीकडचा कुणी प्रोग्रॅमवाला मिळाला. मिळतोच. ती एक ओळ लिहायला फार शिकावं लागत नाही.

पेजवरची वाट बंद झाली, तोवर रूपालीताई मोहोळला परत निघाल्या होत्या. मी त्यांना फोन केला. "मी मोहोळला येऊन तुमच्या खानावळीत सगळ्यांसमोर सांगते. चालेल?"

"या की. पन काय सांगनार ते आदी मला सांगा."

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "रिपोर्टाचा एक सबूद काडायचा न्हाय."

"नाही काढणार."

मी आणि श्रीनिवास एस.टी.नं गेलो. दुपारचे साडेबारा. पत्र्याची शेड, चार लांब बाकडी, मागच्या बाजूला चूल. इतर वेळी जागा मिळत नाही म्हणे. त्या दिवशी सहा-सात माणसं होती. त्यातल्या हमालांच्या मुकादमाला रूपालीताईंनीच मुद्दाम बोलावलं होतं. मी उभी राहिले. आयुष्यभर पडद्याकडं तोंड करून काम केलेलं, माणसांसमोर बोलायची सवय नाही.

"मी सोलापूरची. लॅबच्या पेजवर यांचं नाव घेऊन जे लिहून आलं, ते उत्तर देणारा प्रोग्रॅम मी लिहिलाय. यांनी आजाराचं नाव खासगीत, लॅबवर विश्वास ठेवून सांगितलं होतं. आम्ही ते सगळ्यांसमोर मांडलं. चूक लॅबची आणि माझी आहे, यांची नाही. तुमच्या सगळ्यांसमोर मी यांची माफी मागते."

मग मुकादम घास हातात धरून म्हणाला, "ते सगळं खरं हाय ओ बाई. पन तिला हाय का न्हाय, तेवढं सांगा की."

मला माहीत होतं. एक शब्द बोलायचा होता. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं होती. मी रूपालीताईंकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांच्या चेहऱ्यावरूनही लोकांनी काही ताडलं असतं.

"ते मी सांगणार नाही," मी म्हटलं.

"मग आमी जेवायचं कसं?"

रूपालीताई चुलीपासून उठून पुढं आल्या, हाताला पीठ तसंच. "सैपाक करू नको म्हनून डाक्टरनं मला सांगितलं न्हाय. मी इचारून घिटलंय. तुमच्या जेवणापुरतं तेवढं पुरं हाय. बाकी माज्या आंगात काय हाय ते माजं हाय. बसायचं तर बसा, न्हायतर वाट मोकळी हाय."

मुकादम उठला. ताट तसंच ठेवून हात धुऊन गेला. त्याच्यामागं आणखी एक जण गेला. मला वाटलं, मी येऊन उलट बिघडवलं. कोपऱ्यात एक म्हातारे हमाल बसले होते, त्यांनी वाटी पुढं केली. "आमटी गार झाली की गं हेंचं ऐकंस्तोर. गरम घाल." उरलेले जेवायला लागले. श्रीनिवास आणि मीही बसलो. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

सगळं छान झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. गिऱ्हाईक परत यायला पावसाळा उजाडला. मुकादम अजूनही आलेला नाही, आणि ग्रुपवर हसणाऱ्यांपैकी एकानंही येऊन चुकलो असं म्हटलेलं नाही. लॅबचं पेज जोरात चालू आहे, सगळ्यांना हसतमुख उत्तरं मिळतात. आमच्या ऑफिसात मात्र आता कुठलंही काम घेताना मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारते, "तक्रारीचं काय करणार?" त्याचं उत्तर ऐकून ठरवते. बरीच कामं हातची जातात. श्रीनिवास कुरकुरतो, पण प्रश्न विचारायचा राहिला तर तोच आठवण करतो.

संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी रूपालीताईंना फोन केला. म्हटलं, तुमची गोष्ट लिहू का?

मागं भांड्यांचा आवाज येत होता.

"नाव बदला. मोहोळ ऱ्हाऊ दे, मोहोळात लई खानावळी हायत." मग म्हणाल्या, "पन वाचनारे बी तेच इचारतील की. हाय का न्हाय."

"विचारू देत. नाही सांगणार."

"मग लिहा," त्या म्हणाल्या.